ब्रेकसरांचा वाटेचा हक्क

ब्रेकसरांनी एकतीस वर्षं गाडी शिकवली. चालवली मात्र क्वचितच. ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या पांढऱ्या गाडीत स्टिअरिंग असायचं शिकणाऱ्याच्या हाती. सर शेजारच्या सीटवर, मांडीवर घडी घातलेला रुमाल, कपाळाला आठ्या आणि उजव्या पायाखाली खास बसवून घेतलेला एक जादा ब्रेक. समोर सायकलवाला आला की शिकणारा किंचाळायचा आणि सर ब्रेक दाबायचे. त्या ब्रेकवरूनच लोकांनी त्यांचं हे नाव पाडलं. पायाला इतकी सवय जडली होती की घरी जेवताना बायकोचा आवाज जरा चढला तरी टेबलाखाली त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. तिथे त्याचा काही उपयोग व्हायचा नाही, ती गोष्ट वेगळी.

सरांची सगळी भक्ती एकाच गोष्टीवर: वाटेचा हक्क. चौकात कोण आधी जाणार, चढावर कोण थांबणार, वळणावर कुणी कुणाला सोडायचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते घडाघडा सांगत. इथवर कुणाची तक्रार नव्हती. तक्रार ही, की हक्क आपला असला की सर तो वसूल केल्याशिवाय जागचे हलत नसत. एकदा स्कूलच्या गल्लीत बेकरीची व्हॅन समोरून आत घुसली. एका वेळी एकच गाडी मावेल अशी ती गल्ली. सर आधी शिरलेले, तेव्हा हक्क सरांचा. व्हॅनवाला काकुळतीला आला, "सर, जरा मागे घ्या हो, माझ्यामागे आणखी तीन गाड्या अडकल्यात." सरांनी इंजिन बंद केलं आणि पेपर उघडला. पाऊण तास! शेवटी ऑफिसातून त्यांची बायको आली. तिला सगळे मॅडम म्हणत, कारण स्कूलचे फॉर्म, फोन, परीक्षेच्या तारखा आणि नवरा हे सगळं तीच सांभाळायची. तिने दार उघडलं, "सरका" म्हणाली आणि गाडी मागे घेतली.

"माझंच बरोबर होतं," सर शेजारच्या सीटवरून म्हणाले.

"होतं ना. आता घरी चला आणि तुमचं बरोबर पावाऐवजी खा, कारण आज पाव काही मिळणार नाही."

साठाव्या वर्षी सरांनी तो जादा ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली दिला आणि स्वतःसाठी शिडाची एक होडी घेतली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. लोकांना काय, काहीही वाटतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग बघत घाम पुसला, त्याला शेजारची सीट रिकामी असावी आणि दिशा आपल्या एकट्याच्या हाती असावी असं वाटलं, तर त्यात वेड कसलं? तीन वर्षं ते किनाऱ्याकिनाऱ्याने फिरले, हात सोलून घेतले, दोनदा वाळूत रुतले. आणि त्रेसष्टाव्या वर्षी एका सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात जाहीर केलं की आपण ताईकडे जाणार. ही ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, समुद्राच्या पलीकडच्या बंदरात राहणारी. विमानाने दीड तास. होडीने चार दिवस आणि चार रात्री.

"एकटे?" मॅडमनी विचारलं. त्या दुधीची साल काढत होत्या.

"एकटा."

"आणि झोपणार कधी?"

सर याच प्रश्नाची वाट बघत होते. मोठं जहाज क्षितिजाआडून आपल्यापर्यंत यायला साधारण वीस मिनिटं घेतं, त्यांनी समजावलं. तेव्हा चारी बाजूंनी काही नाही असं बघायचं, वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि आडवं व्हायचं. उठायचं, बघायचं, परत आडवं व्हायचं.

"चार दिवस असं?"

"चार दिवस."

"इथे तर सकाळी तीन हाका मारल्याशिवाय तुमचा एक डोळा उघडत नाही."

"तिथे जबाबदारी असते."

"म्हणजे इथे नाही. कळलं. बरं, आणि एखादं जहाज आडवं आलं तर?"

"इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यायची. भर समुद्रात तसाच नियम आहे." सरांचा चेहरा उजळला होता. उभ्या आयुष्यात त्यांना इतका पक्का, इतक्या मोठ्या गाड्यांवर चालणारा हक्क मिळाला नव्हता.

मॅडमनी सोलाणं खाली ठेवलं. "मला समुद्राची भीती नाही वाटत हो. मला ह्याची वाटते."

"कशाची?"

"तुमचं बरोबर असण्याची."

मग त्यांनी अट घातली. त्या स्वतः विमानाने वन्संकडे जाणार, धक्क्यावर उभ्या राहणार आणि सर उतरले की विचारणार. कुठल्याही जहाजासमोर हक्क दाखवत उभे राहिलात असं निघालं, तर होडी तिथल्या तिथे विकायची. आणि खोटं बोलायचं नाही.

"मी कधी खोटं बोललोय?" सर दुखावले.

"नाही बोललात," मॅडम म्हणाल्या. "तेवढं एक मात्र आहे."

सर निघाले ते मोठ्या तोऱ्यात. होडी लांबीला स्कूलच्या दोन गाड्या मागेपुढे उभ्या कराव्यात एवढी. आत एक बाक, एक शेगडी, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, उकडलेले बटाटे आणि एक यंत्र. हे यंत्र जवळपासच्या जहाजांची दिशा आणि वेग पडद्यावर दाखवायचं, आणि आपण इथे आहोत अशी खूण त्या जहाजांनाही पाठवायचं. शिवाय वाऱ्याच्या जोरावर सुकाणू आपोआप धरून ठेवणारी एक पाती मागे बसवलेली, म्हणजे सरांना झोपायला हात मोकळे.

पहिले दोन दिवस झकास गेले. सर वीस मिनिटं झोपत, गजराला शिव्या घालत उठत, दुर्बिणीने चौफेर बघत. लांबून जहाजं जात. सर बाकावर बसून त्यांच्या परीक्षा घेत. "हा बघा, वळण किती आधी घेतलं. पास." "हा सुसाट निघालाय, ह्याच्या मागे कोण लागलंय?" एका तेलवाहू जहाजाने लांबूनच नीट वळून सरांना वाट दिली, तेव्हा तर त्यांनी उभं राहून हात केला. तीन मैलांवरून तो कुणाला दिसणार होता, कोण जाणे. पण सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढं मोठं धूड, आणि माझ्यासाठी वळलं!

आभाळ मात्र दोन्ही दिवस भरून आलेलं. बॅटरी उन्हावर भरायची, आणि ऊनच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काटा इतका खाली आला की सरांनी काटकसर काढली. रेडिओ राहू दे, रात्रीचा दिवा राहू दे. यंत्र दिवसा कशाला? दिवसा आपल्याला डोळे आहेत की. खट्ट करून त्यांनी ते बंद केलं. आपल्याला डोळे आहेत हे खरं होतं. दुसऱ्याला आपण दिसतो की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. आणि हाच माणूस एकतीस वर्षं प्रत्येक शिकणाऱ्याला बजावत आला होता, "समोरच्याच्या डोळ्यांत बघा. त्याने तुम्हाला बघितलंय याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका."

दुपारी ढग फाटले आणि ऊन एकदम लख्ख पडलं. तीन वाजून दहा मिनिटांनी सर गजरावर उठले, तर डाव्या हाताला एक जहाज. नखाएवढं, निळं.

जहाज आपल्यावर येतंय की नाही हे ओळखायची एक सोपी रीत आहे. एका जागी बसायचं आणि होडीच्या कठड्याचा एखादा खांब जहाजाच्या रेषेत धरायचा. थोड्या वेळाने जहाज खांबाच्या पुढे सरकलं, तर ते आपल्या पुढून जाईल. मागे पडलं तर मागून. आणि खांबालाच चिकटून राहून नुसतं मोठं होत गेलं, तर गाठ ठरलेली. सरांनी एक खांब धरला. तीन पंधराला जहाज त्याच खांबाला होतं. अंगठ्याएवढं. तीन वीसलाही त्याच खांबाला, मुठीएवढं.

"वळेल," सर मोठ्याने म्हणाले. "त्यानेच वळायचंय."

सुकाणू त्यांच्या हाताशी होतं. आत्ता जरा दांडा ढकलला असता तर जहाज आरामात पुढून गेलं असतं, सर बिस्किट खात बसले असते आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्यांनी हाताची घडी घातली. नियमाप्रमाणे हक्क असलेल्याने आपली दिशा सोडायची नसते, म्हणजे समोरच्याला अंदाज येतो. हेही खरंच. सरांची अडचण हीच, की त्यांचं म्हणणं नेहमी खरं असायचं.

जहाज वाढत राहिलं. आता त्याच्यावरचे मालाचे डबे वेगवेगळे दिसू लागले, लाल, करडे, एकावर एक रचलेले. पुढच्या टोकाखाली पाण्याची पांढरी मिशी. सर सवयीने त्याच्या डोळ्यांत बघायला गेले. डोळे कुठायत? वर, खूप वर, काचांची एक ओळ होती आणि तिच्यावर ऊन चमकत होतं. काचेमागे कोणी आहे की सगळे जेवायला गेलेत, काही पत्ता लागेना. तेव्हा पहिल्यांदा सरांनी हाताची घडी सोडली. त्यांनी रेडिओ उचलला.

"निळं जहाज, निळं जहाज! तुमच्या उजव्या हाताला शिडाची होडी आहे. वाट तुम्ही द्यायची आहे!"

खरखर झाली. मग एका बाईचा आवाज आला, शांत, जरासा कंटाळलेला. "हां, होडी, बोला. कुठे आहात म्हणालात?"

"उजव्या हाताला! पांढरं शीड!"

"थांबा हं." थांबायला वेळ कुणाला होता? "काका, मला त्या बाजूला पाण्यावर नुसतं ऊन चमकताना दिसतंय. पडद्यावरही तुम्ही नाही. तुमचं यंत्र चालू आहे ना?"

सर घुटमळले. पण खोटं बोलायची सवय नव्हती. "बॅटरी वाचवत होतो."

"बरं," बाई म्हणाल्या. हे 'बरं' सरांनी घरी पुष्कळदा ऐकलं होतं.

"पण शिडाच्या होडीचा हक्क असतो!" सर ओरडले. "वाट तुम्ही द्यायची!"

"हो काका, तुमचाच हक्क आहे. वाट मीच द्यायला हवी. तुम्ही मला दिसायला हवे होतात, दिसला नाहीत. चूक माझी."

एकतीस वर्षांत, त्या गल्लीत, चौकात, घाटात, घरात, एकाही माणसाने त्यांचं म्हणणं असं पहिल्या झटक्यात मान्य केलं नव्हतं. भांडण सुरू व्हायच्या आधीच सर जिंकले होते. आणि जहाज अजून त्याच खांबाला होतं.

"काका, ऐकताय ना?" बाईंचा आवाज आता कंटाळलेला नव्हता. "मी वळवेन हो, पण कुठल्या बाजूला वळवू? तुम्ही दिसतच नाही, तर वळून तुमच्याच अंगावर यायची. तुम्हाला मी दिसतेय ना?"

"दिसताय," सर म्हणाले. दुसरं काही दिसतच नव्हतं.

"मग तुम्ही वळा. उजवीकडून वळून, आलात तिकडेच तोंड करा आणि निघा. मी आहे तशी सरळ राहते. आत्ता. लगेच."

सर सुकाणूशी गेले आणि त्यांनी जिवाच्या आकांताने उजवा पाय दाबला.

होडीच्या तळाला ब्रेक नसतो हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण पायाला कोण सांगणार? पाय फळीवर दाबलेला, गुडघा ताठ, पाठ मागे रेललेली, असे ते तीन-चार श्वास तसेच बसून राहिले, थांबण्याची वाट बघत. काहीच थांबलं नाही. फळीवरून पाय घसरला, ढोपर बाकाच्या कडेवर आपटलं आणि त्या कळेने सर भानावर आले. त्यांनी पातीचा दोर सोडला, दांडा डावीकडे पार टोकापर्यंत ढकलला. होडीचं तोंड उजवीकडे फिरू लागलं. वाऱ्याच्या समोर आल्यावर शीड फडफडलं, होडी अडखळली. अर्ध्या वाटेत गाडी बंद पाडणारे शिकाऊ सरांनी शेकड्याने बघितले होते, प्रत्येकाला ते म्हणत, "घाबरू नका." आता ते स्वतःलाच म्हणाले. मग शीड दुसऱ्या बाजूला धाडकन भरलं, होडी कलली आणि आलेल्या वाटेने निघाली.

जहाज मागून गेलं. किती लांबून, हे सर पुढे कधीच नीट सांगू शकले नाहीत. निळी भिंत, तिच्यावर गंजाचे ओघळ, इंजिनाची धडधड छातीत, जळक्या तेलाचा वास. वर कठड्याशी एक माणूस कसलीशी बादली धूत होता. त्याने खाली पाहिलंही नाही. मग लाटा आल्या आणि शेगडीवरचं पातेलं, बटाटे, दुर्बीण, सगळं एकमेकांवर पडलं.

रेडिओ खरखरला. "हां काका, आता दिसलात." पुन्हा खरखर. "केवढेसे आहात हो तुम्ही."

"हो," सर म्हणाले.

"ठीक आहात ना?"

"आहे. यंत्र चालू करतो."

"करा. मीही बाहेर एक माणूस उभा करते. जपून जा."

सरांनी यंत्र चालू केलं. मग सांडलेले बटाटे एकेक करून गोळा केले. त्याला बराच वेळ लागला. समोर समुद्र अगदी रिकामा होता. कुणाशी भांडावं असं तिथे कुणी नव्हतं, आणि भांडायला मुद्दाही नव्हता. मुद्दा तर मान्य झाला होता.

सगळा प्रवास चार दिवसांत आटपायचा तो साडेपाच दिवसांवर गेला. याला वारा कारणीभूत नव्हता. सरांनी वाट सोडायला सुरुवात केली. मच्छीमारांची बोट तीन मैलांवर दिसली, सर वळले. एक जहाज त्यांच्यापासून दूर चाललं होतं, पाठ करून. सरांनी त्यालाही जागा करून दिली. चौथ्या दिवशी एक रिकामं पिंप तरंगत आलं, त्यावर एक समुद्रपक्षी बसलेला. सरांनी पिंपाला मोठा वळसा घातला. पक्ष्याने मान वाकडी करून बघितलं. इतक्या अदबीने त्याच्याशी कोणी वागलं नसावं.

सहाव्या दिवशी दुपारी बंदर दिसलं. फोन लागला तसा त्यांनी मॅडमना निरोप टाकला: 'उशीर झाला. धडधाकट आहे.' मॅडमचं उत्तर आलं: 'उशीर दिसतोच आहे.'

धक्क्यावर मॅडम आणि ताई दीड दिवस फेऱ्या घालत होत्या. ताई सत्तरीच्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या, पण भावाला चार शब्द सुनावल्याशिवाय घरी जायचं नाही असा त्यांचा निश्चय होता. सरांचं शीड बंदराच्या तोंडाशी आलं. त्याच वेळी आतून एक वल्ह्याची होडी बाहेर निघाली. तिच्यात एक जोडपं आणि एक कुत्रा. वल्ह्यावरच्या माणसाने शिडाची होडी येताना पाहिली आणि हात वर करून सरांना आधी यायची खूण केली. सरांनी शीड सैल सोडलं, होडी थांबवली आणि दोन्ही हातांनी त्यांना पुढे व्हायला सांगितलं. 'या, या, आधी तुम्ही.'

मॅडमनी नणंदेचा दंड धरला. "वन्सं, यांना काहीतरी झालंय."

"ताप असेल," ताई म्हणाल्या.

बंदराच्या नोंदणीतल्या माणसाने ओरडून विचारेपर्यंत सर तिथेच थांबले होते: "अहो, आत येणार आहात की तिथेच राहणार?"

दोर बांधून झाला. सर धक्क्यावर चढले, दाढी वाढलेली, नाक सोललेलं, ढोपराला फडकं. ताईंनी तोंड उघडलं, पण मॅडमनी हात वर केला. आधी त्यांचा नंबर.

"जहाज केवढं होतं?" मॅडमनी विचारलं.

सरांनी खोटं बोलायचा विचार केला असता तर त्यांना कुणी दोष दिला नसता. होडी ह्याच उत्तरावर टांगलेली होती. "आपल्या दारापासून पोस्टापर्यंत," ते म्हणाले.

मॅडम धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंटावर बसल्या. "आणि तुम्ही उभे राहिलात."

"राहिलो. बराच वेळ."

"आणि मग?"

"मग वळलो."

"कोण वळलं?"

"मी."

"तुम्ही? आणि हक्क?"

"माझाच होता," सर म्हणाले. "त्या बाईंनीही मान्य केलं. लगेच."

मॅडमनी डोळे पुसले आणि पदर झटकून त्या उठल्या. "होडी नाही विकायची."

"पण तू तर म्हणाली होतीस—"

"म्हणाले होते. तीस वर्षं मी सांगून थकले, ते होडीने एका फेरीत शिकवलं. ती शाळा बंद करून तुम्हाला परत माझ्या गल्लीत सोडू? बेकरीवाल्याने माझं काय घोडं मारलंय?"

"एकदाच सोडली हं वाट," सर घाईघाईने म्हणाले. अब्रूचा प्रश्न होता. "एकदाच."

"आणि आत्ता त्या वल्ह्याच्या होडीला सोडलीस ती?" ताईंना शेवटी तोंड उघडायला मिळालं.

सरांनी बॅग उचलली आणि लंगडत पुढे झाले.

"तिच्यात कुत्रा होता," ते म्हणाले. "कुत्र्याला नियम कुठे माहीत असतात?"